जुन्नरचे यवन, कोकणातील बेने इस्राएल आणि ख्रिस्ती धर्मप्रसाराची पहिली पावले

शिवनेरीवर शिवजन्मस्थानाच्या दर्शनासाठी जाणाऱ्यांची वाट ठरलेली असते. त्या वाटेपासून थोडे बाजूला, गडाच्या कड्यात, बौद्ध लेण्यांचा एक समूह कोरलेला आहे. तेथील एक ब्राह्मी शिलालेख अवघ्या एका ओळीचा आहे. 'गत' लोकांपैकी चित नावाच्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दान दिला, एवढेच तो सांगतो. जुन्नर परिसरात यवन दात्यांचे असे आणखी दोन लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली. चंद नावाच्या यवनाने मानमोडी डोंगरातील एका चैत्यगृहाचे दर्शनी द्वार करवून घेतले. हे चैत्यगृह अर्धवट राहिले असले तरी त्याच्या दर्शनी कमानीतील गजलक्ष्मीचे शिल्प आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते.

हे यवन इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले. येशू ख्रिस्ताचे शिष्य पॅलेस्टाइनच्या बाहेर पडून 'पांगलेल्या' यहुद्यांना आणि परराष्ट्रीयांना नव्या धर्माचा संदेश सांगू लागले, तोही काळ साधारण हाच. त्यामुळे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ज्या वाटेने हे यवन नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत पोहोचले, त्याच वाटेने एखादा ख्रिस्ती प्रचारकही आला असेल काय, हा प्रश्न इतिहासकारांनी अनेकदा विचारला आहे. प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. त्यात जुन्नर-आंबेगावच्या घाटवाटा येतात, कल्याण बंदर येते, अलिबागजवळचे तेली येतात आणि हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिणारा एक स्कॉटिश पाद्रीही येतो.

आधी यहुदी, मग परराष्ट्रीय

ख्रिस्ती धर्माचे पहिले प्रचारक स्वतः यहुदी होते आणि त्यांचे पहिले श्रोतेही यहुदीच होते. बाबिलोनच्या स्वारीनंतर आणि पुढे ग्रीक-रोमन राजवटीत यहुदी समाज सर्वत्र विखुरला होता. अलेक्झांड्रिया, अंतियोक, दमास्कस, रोम अशा प्रत्येक मोठ्या नगरात त्यांची वस्ती आणि सभास्थान होते. प्रचारकाच्या दृष्टीने ही तयार व्यवस्था होती. परक्या गावात उतरावे, शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जावे, शास्त्रवाचन झाल्यावर बोलण्याची परवानगी मागावी, असा संत पौलाचा क्रम 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पुनःपुन्हा येतो. सभास्थानात यहुद्यांबरोबर काही ग्रीकही येऊन बसत. त्यांना एकेश्वरी विचार पटलेला असे. मात्र सुंता आणि आहाराचे नियम स्वीकारण्याची त्यांची तयारी नसे. नव्या धर्माला परराष्ट्रीय अनुयायी मिळाले ते मुख्यतः या काठावरच्या मंडळींतून.

यातूनच पहिला मोठा वाद उभा राहिला. परराष्ट्रीयाने ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहुदी व्हावे काय? इसवी सन ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये भरलेल्या सभेने सुंतेची अट लादू नये असा निर्णय दिला. पेत्राने सुंता झालेल्यांकडे आणि पौलाने परराष्ट्रीयांकडे जावे, अशी कामाची वाटणीही झाल्याचे पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळते. ही वाटणी काटेकोर राहिली नाही. परंतु प्रचाराचे सूत्र मात्र कायम राहिले: जेथे यहुदी वस्ती, तेथे पहिला मुक्काम. म्हणून हिंदुस्थानाचा विचार करतानाही पहिला प्रश्न येथे यहुदी होते काय, हाच येतो.

घाटमाथ्यावरचा व्यापार

जुन्नरचे महत्त्व नाणेघाटामुळे. शहराच्या पश्चिमेस सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरवरचा हा घाट कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांना घाटावरील पैठण व तेर या बाजारपेठांशी जोडत असे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात वैदिक यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणांची लांबलचक यादी आहे. जवळच दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे स्थानिक परंपरा सांगते. दक्षिणेकडे आंबेगाव तालुक्यातील आहुपे घाट मुरबाडच्या बाजूला उतरतो आणि भीमाशंकरच्या घाटवाटा कर्जतकडे जातात. म्हणजे आज दोन तालुक्यांत विभागलेला हा मुलूख कोकणच्या बंदरांचा परसदारच होता.

बंदरांत कोण येत होते, याची माहिती पहिल्या शतकाच्या मध्यातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत मिळते. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून निघालेली गलबते मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन भडोच, सोपारा, कल्याण, चौल येथे येत. या व्यापारात अलेक्झांड्रियातील यहुदीही होते. तत्त्वज्ञ फिलो याचा पुतण्या मार्कस युलियस अलेक्झांडर याचा माल तांबड्या समुद्रावरील बंदरांपर्यंत पोहोचवल्याच्या खापरांवरील पावत्या इजिप्तमध्ये सापडल्या आहेत. त्या ख्रिस्तानंतरच्या चौथ्या-पाचव्या दशकातील आहेत. तेव्हा त्या समुद्रमार्गावर यहुदी भांडवल होते, हे निश्चित. जुन्नरला आलेल्या यवनांपैकी कोणी यहुदी होता, असे मात्र कोणताही लेख सांगत नाही.

'पेरिप्लस'मधील एका उल्लेखाकडे प्रेषितांच्या आगमनाचा पुरस्कार करणारे सहसा लक्ष देत नाहीत. थोरल्या सरगनाच्या काळी कल्याण हे कायदेशीर बंदर होते. पुढे संदन याच्या ताब्यात ते गेल्यावर तेथे चुकून शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे हा लेखक नमूद करतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाचा हा परिणाम होता. या संघर्षाची खूण जुन्नरलाही आहे: महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा दानलेख मानमोडीच्या लेण्यात आहे. नहपानाचा काळ पहिल्या शतकाचा मध्य मानायचा की दुसऱ्या शतकाचा आरंभ, यावर मतभेद आहेत. परंतु ज्या दशकांत प्रेषित कल्याणला उतरले असे म्हणतात, नेमक्या त्याच दशकांत कल्याण ग्रीक जहाजांना बंद होते, ही अडचण दूर होत नाही.

राहता राहिले स्वतः यवन. हा शब्द मुळात 'आयोनिया'वरून आला. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही तो लावला जाऊ लागला. 'गत' म्हणजे जर्मानिक गॉथ लोक, असे मत स्टेन कोनो यांनी मांडले होते. ते सर्वमान्य झाले नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले आहेत आणि नाशिकच्या पांडवलेण्यात उत्तरेकडून आलेल्या योनक इंद्राग्निदत्ताचा लेख आहे. नावे भारतीय, दान बौद्ध संघाला. भूमध्य समुद्राच्या काठी जो परराष्ट्रीय सभास्थानाच्या ओसरीवर येऊन बसत होता, तो सह्याद्रीत विहाराच्या ओसरीवर बसला होता, असे म्हणता येईल. धर्माची ओढ होती. ती भागवणारा संघ येथे आधीच उभा होता.

हिब्रू लिपीतले शुभवर्तमान

लिखित पुराव्यापैकी सर्वांत जुना दावा चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याच्या ग्रंथात आहे. अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख पॅन्टेनस हा दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात गेला. तेथे त्याला ख्रिस्ताला मानणारे लोक आधीच भेटले आणि त्यांच्यापाशी हिब्रू लिपीत लिहिलेले मत्तयाचे शुभवर्तमान होते. ते प्रेषित बर्थलमय याने तेथे ठेवले होते, अशी ही हकीकत. युसेबियस ती ऐकीव म्हणूनच देतो. पुढे संत जेरोम याने पॅन्टेनसाला ब्राह्मणांमध्ये प्रचार करण्यासाठी पाठवले होते, अशी भर घातली.

या हकीकतीचे मर्म हिब्रू लिपीत आहे. ज्यांना ती वाचता येत नाही त्यांच्यापाशी असे पुस्तक कोणी ठेवणार नाही. म्हणजे ते लोक यहुदी वंशाचे असावेत. पश्चिम किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज आहे. तेव्हा बर्थलमय कोकणातच, बहुधा कल्याणला आला असला पाहिजे, असा युक्तिवाद जेझुइट विद्वान ए. सी. पेरुमलिल आणि मुंबईचे इतिहासकार जॉर्ज मोराइस यांनी विसाव्या शतकात केला. मोराइस यांचा हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास १९६४ साली प्रसिद्ध झाला आणि या मताला त्यामुळे वजन आले.

आक्षेपही तितकाच जुना आहे. त्या काळचे ग्रीक-रोमन लेखक दक्षिण अरबस्तान आणि इथिओपियालाही सर्रास 'इंडिया' म्हणत. येमेनमध्ये यहुद्यांची मोठी वस्ती होती. पॅन्टेनस तेथेच गेला असेल तर हिब्रू शुभवर्तमानाचा उलगडा कोकणापर्यंत न येताही होतो.

प्रेषित थोमाची कथा अधिक प्रसिद्ध आहे. तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेल्या 'थोमाची कृत्ये' या ग्रंथात हब्बान नावाचा व्यापारी त्याला गोंडोफारिस राजाकडे घेऊन जातो. हा राजा काल्पनिक नव्हे. त्याची नाणी आणि तख्त-इ-बाही येथील लेख वायव्येकडे सापडला आहे. ग्रंथातील एक प्रसंग आपल्या विषयाशी जुळणारा आहे. वाटेत एका नगरातील राजकन्येच्या लग्नात थोमा आपल्या भाषेत गातो आणि जमलेल्या सर्व पाहुण्यांत त्याचा अर्थ एकटीलाच कळतो: पावा वाजवणाऱ्या एका हिब्रू मुलीला. विखुरलेली यहुदी मुलगी परमुलखात प्रेषिताला पहिल्यांदा ओळखते, ही कल्पना त्या काळच्या ख्रिस्ती मनाला स्वाभाविक वाटत होती. या नगराच्या नावात 'आंध्र' शोधून ते सातवाहनांच्या राज्यात आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते नामसाधर्म्याच्या पलीकडे जात नाहीत.

कल्याणचा बिशप, ठाण्याचे चार साधू

सहाव्या शतकात मात्र पाय जमिनीला लागतात. कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी पुढे संन्यासी झाला. इसवी सन ५५० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात कल्याणला पर्शियातून नेमलेला बिशप आहे, असे तो सांगतो. तांबे, शिसवी लाकूड आणि कापड ही कल्याणची निर्यातही तो नोंदवतो. बिशप म्हणजे केवळ एखाददुसरा परदेशी व्यापारी नव्हे, तर नियमित उपासना करणारा समाज. हा समाज पूर्व सिरियाई परंपरेचा होता. तो घाट चढून जुन्नरपर्यंत आला होता, असे दाखवणारा क्रूस किंवा लेख या दोन तालुक्यांत प्रसिद्ध नाही.

या परंपरेची अखेरची ठसठशीत खूण १३२१ साली ठाण्यात दिसते. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू, टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री, ठाण्यात एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. काझीसमोर झालेल्या धर्मविवादानंतर त्यांना ठार करण्यात आले. त्यांचा सोबती, डोमिनिकन साधू जॉर्डनस, त्या वेळी बाहेरगावी होता म्हणून वाचला. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचे त्याने पत्रात लिहिले आहे. पाठोपाठ आलेला ओडोरिक ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरे असल्याचे सांगतो. दोन शतकांनी पोर्तुगीज आले आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती धर्माचे रूपच बदलले.

भीमाशंकरच्या मंदिराबाहेरची मोठी घंटा या पुढच्या अध्यायातली आहे. मंचर-घोडेगावमार्गे आंबेगाव तालुका ओलांडून येणारे भाविक ती हमखास पाहतात. मूळची ती चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर आणलेल्या घंटांपैकी ती एक. या डोंगराळ भागातली ख्रिस्ती धर्माची सर्वांत परिचित वस्तू ही अशी युद्धातली लूट आहे.

शनिवार तेली

आता बेने इस्राएलांकडे वळावे लागेल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, ही या समाजाची परंपरा. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास घातली होती. लोक तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, राजपूरकर, झिराडकर, अष्टमकर. भाषा मराठी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. त्यांचे मिश्रण सुमारे साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वी झाले असावे, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता.

बर्थलमयाच्या कथेला खरा धक्का याच समाजाकडून बसतो. अठराव्या शतकात बाहेरच्या जगाला बेने इस्राएलांची ओळख झाली तेव्हा ते सुंता करीत, शब्बाथ पाळीत, खवले-पर नसलेले मासे वर्ज्य मानीत आणि 'शेमा' ही प्रार्थना म्हणत. १७३८ च्या आपल्या पत्रात मिशनरी सार्टोरियस याने हे नोंदवले आहे. त्यांच्यापाशी हिब्रू पोथी नव्हती. मग मत्तयाचे शुभवर्तमान तर दूरच. प्रेषिताची आठवणही त्यांच्या कथांत नाही. एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, कोकणात येऊन गेला असे ते मानतात आणि अलिबागजवळ त्याचे स्थानही दाखवतात.

त्यांच्यातला खात्रीने सांगता येईल असा ख्रिस्ती प्रचार एकोणिसाव्या शतकातला. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत आले. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकू लागली आणि यहुदी शिक्षकही नेमले गेले. १८२० च्या दशकात कोचीनहून मायकेल सार्गन आला. तो यहुदी घराण्यातला, पण ख्रिस्ती झालेला. १८२९ साली स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले. मराठीचा पहिला अभ्यास त्यांनी कोकणात हर्णैला केला आणि १८३२ साली हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून प्रसिद्ध केली. हे पुस्तक बेने इस्राएलांसाठीच होते. त्यांना त्यांचे शास्त्र मूळ भाषेत वाचता आले की पुढची पायरी ते आपोआप चढतील, असा विल्सन यांचा हिशेब होता. सूत्र तेच, पौलाचे: आधी यहुद्यांकडे.

हिशेब उलटा ठरला. मराठी जुना करार हाती आला, हिब्रू अक्षरे वाचता येऊ लागली आणि बेने इस्राएल अधिक जाणते यहुदी झाले. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या नगण्य राहिली. मुंबईत सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेले सभास्थान होतेच. आता त्यातील प्रार्थना समजू लागल्या. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. केहिमकरांनी १८७५ साली समाजाची स्वतःची शाळा काढली. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ यांची आख्याने लावून मराठी कीर्तने होऊ लागली. मिशनऱ्यांनी दिलेली शिदोरी घेऊन समाज वेगळ्याच मुक्कामाला पोहोचला. त्याबद्दल त्याने मिशनऱ्यांविषयी कृतघ्नता दाखवली असे मात्र नाही. केहिमकरांच्या इतिहासात विल्सन यांच्या कामाचा उल्लेख आदरानेच येतो.

या शिक्षणाचे मोल विसाव्या शतकात वेगळ्याच प्रकारे कळले. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. तेथील काही धर्मगुरूंनी त्यांच्या यहुदीपणाबद्दल शंका घेतली आणि इतरांशी होणाऱ्या त्यांच्या विवाहांत अडथळे आणले. समाजाने आंदोलन केले. अखेर १९६४ साली ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य करावे लागले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत राज्यातील त्यांची संख्या काही हजारांवर आली होती. पुण्यात रास्ता पेठेतील १९२१ चे सुक्कथ श्लोमो सभास्थान याच समाजाचे.

जुन्नरशी जॉन विल्सन यांचा आणखी एक संबंध आहे. मुंबई इलाख्यातील लेणी आणि शिलालेखांच्या नोंदीसाठी १८४८ साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि १८५० साली त्यांनी पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांवर निबंध प्रसिद्ध केला. जुन्नरच्या लेखांच्या नकला त्याआधी कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांचे विश्वसनीय वाचन पुढे भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली दिले. त्या वाचनात चित, इरिल आणि चंद हे तिन्ही यवन आपापल्या दानासह हजर आहेत. तिघांनीही दान दिले आहे ते बौद्ध संघाला.